जहाजावरचा पगार, घराचा हप्ता आणि दशमांश

प्रश्न : माझं माहेर आजऱ्याचं, सासर पेडण्याचं, राहतो म्हापशात. मिस्टर क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आहेत. वर्षातले आठ महिने कॉन्ट्रॅक्ट असतं, तेव्हा महिन्याला ८०,००० घरी येतात. उरलेले चार महिने ते घरी, तेव्हा काहीच नाही. मी खासगी शाळेत शिकवते, हातात २५,००० येतात. फ्लॅटचा हप्ता २२,०००, सासूबाईंना ५,०००, घरखर्च आणि दोन मुलांच्या शाळा मिळून ३२,०००. क्रेडिट कार्डावर १,४०,००० साचले आहेत. आम्ही प्रार्थनासंगतीला जातो. तिथे सांगतात, कर्ज असलं तरी दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, पूर्ण द्या, देव दुप्पट करून देईल. मिस्टर देतात. कर्ज फिटेपर्यंत मी थांबवायला सांगितलं तर ते पाप होईल का? शिवाय सासूबाई गावचं घर कपेलाला (गावातल्या छोट्या चर्चला) लिहून देते म्हणतात, आणि इंग्लंडमधल्या स्विंडनचा दीर, ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, संगतीच्या हॉलच्या छपरासाठी माझ्या खात्यावर दोन लाख पाठवतो म्हणतो. काय करावं?

उत्तर :

ताई, देणं थांबवू नका. पण येत्या कॉन्ट्रॅक्टपुरतं ते निम्मं करा, आणि हा निर्णय एकट्याने घेऊ नका. म्हापशात मी घरोघरच्या आर्थिक नियोजनाचं काम करतो, आणि बार्देस-पेडण्यातल्या जहाजवाल्यांच्या कुटुंबांत तुमच्यासारखाच हिशेब पुन्हा पुन्हा बघतो. म्हणून शास्त्राकडे वळण्याआधी तुमचे आकडे मांडतो.

मिस्टर जहाजावर असताना घरात १,०५,००० येतात, म्हणून तुमची मिळकत एक लाखाच्या वर आहे असं दोघांनाही वाटतं. पण वर्षाची मिळकत बघा. ८०,००० चे आठ महिने म्हणजे ६,४०,०००, तुमचे बारा महिन्यांचे ३,००,०००. एकूण ९,४०,०००. बाराने भागलं तर महिन्याला ७८,००० आणि वर थोडे. तुमचं घर या ७८,००० वर चालायला हवं.

हप्ता, सासूबाई आणि घर धरून तुमचा खर्च ५९,०००. मिस्टर घरी असलेल्या महिन्यात तुमचे २५,००० येतात, त्यातून अडीच हजार दशमांश जातो, म्हणजे दर महिन्याला ३६,५०० कमी पडतात. चार महिन्यांचे झाले १,४६,०००. कार्डावरची बाकी १,४०,०००. म्हणजे कार्डाचं कर्ज दशमांशाने झालेलं नाही, आणि मिस्टरांच्या भक्तीने तर नाहीच. जहाजावरच्या महिन्यांत सगळं वजा जाऊन ३५,५०० उरत होते. ते त्या चार महिन्यांसाठी बाजूला न राहता फेस्त (चर्चचा सण), लग्नं, मोबाईल, नातेवाइकांची नड यांत गेले. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पैसा आला की खर्चाच्या वाटा आपोआप फुटतात, आणि जहाजवाल्याकडे तर गावाचं लक्षच असतं.

म्हणून पहिलं काम असं. मिस्टर जॉइन झाले की दर महिन्याला १८,२५० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. आठ महिन्यांत बरोबर १,४६,००० होतात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. घरी असलेल्या चार महिन्यांत त्यातून दर महिन्याला ३६,५०० काढायचे. हे जमलं की कार्ड पुन्हा भरणार नाही. हे न करता दशमांश कमी केला, बंद केला, तरी दोन वर्षांनी तुम्ही याच जागी असाल.

आता कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर १,४०,००० वर ४,९०० रुपये नुसतं व्याज जातं. घरात सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवून कार्ड एका दिवसात साफ करा. सोनेतारणाचा दर वर्षाला बारा टक्के धरला तर तेच व्याज महिन्याला १,४०० वर येतं. दागिना बँकेत ठेवायला बाईमाणसाला जड जातं हे मला ठाऊक आहे. पण कार्डाचं व्याज त्याच दागिन्याची किंमत गिळत असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आणि सोनं बँकेतच ठेवा. ओळखीच्या माणसाकडे किंवा भिशीच्या हिशेबात गुंतवू नका.

जहाजाच्या महिन्यात ३५,५०० मधून १८,२५० बाजूला टाकले की १७,२५० उरतात. दशमांश १०,५०० चा ५,२५० केला तर २२,५०० होतात. यातले ३,५०० विम्याला, १९,००० सोनेतारणाला. बारा टक्क्यांनी आठव्या महिन्यात सोनं सुटतं, मिस्टर घरी येण्याआधी. दशमांश पूर्ण ठेवला तर त्यावेळी साधारण ३८,००० बाकी राहतील. म्हणजे अर्ध्या दशमांशाचा प्रश्न एका कॉन्ट्रॅक्टचा आहे, आयुष्याचा नाही. या वर्षी नाताळ आणि फेस्त त्या ३२,००० मध्येच बसवावे लागतील, हे मुलांनाही आधी सांगा.

आता पापाचं. मी पाद्री नाही, पण याच वचनांवर वाढलो आहे आणि ती माझ्या कामात रोज येतात, म्हणून मोकळेपणाने सांगतो. बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात कोठार भरायला सांगितलं आहे, ते कोठार धान्याचं होतं. लेवीयांची, म्हणजे मंदिरातल्या सेवेकऱ्यांची, पोटं त्यावर चालत. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातल्या लेवीला, परक्याला, अनाथाला आणि विधवेला द्यायला सांगितलं आहे, त्यांनी पोटभर जेवावं म्हणून. दशमांशाच्या मुळाशी ज्याला शेत नाही त्याचं ताट आहे. आकाशाची खिडकी उघडून आशीर्वाद देण्याचं मलाखीतलं वचन खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्या वचनावर बोट ठेवून कर्जात बुडालेल्या घराला ‘इतके टाका, दुप्पट येतील’ असं सांगणं मला मान्य नाही. प्रभूने पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश काढणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल दटावलं, आणि त्याच वाक्यात दशमांशही सोडू नका म्हटलं. दोन्ही बाजू त्यात आहेत. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलं की मनाची तयारी असेल तर जवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही. आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे वेगळं काढून ठेवावं असंही सांगितलं. ‘वेगळं काढून ठेवणं’ हेच तर माझ्या व्यवसायात सगळ्यात अवघड शिकवणं आहे.

कॅथलिक शिकवणीतही टक्का ठरवलेला नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम २२२ विश्वासूंना चर्चच्या गरजा भागवायला आणि गरिबांना आपल्या मिळकतीतून मदत करायला बांधून घेतं, पण आकडा देत नाही. दहावा भाग ही चांगली सवय आहे. कोणी त्याला दंड बनवत असेल तर त्याच्याशी नम्रपणे बोला.

पण पूर्ण थांबवायला मी कधीच सांगत नाही. ‘कर्ज फिटलं की देऊ’ म्हणणारं घर कर्ज फिटल्यावर गाडी घेतं, मग मुलाचं कॉलेज येतं. देण्याची जागा एकदा बजेटमधून गेली की ती परत आणणं फार कठीण. म्हणून ५,२५० लिहा, शेजारी पूर्ण दशमांश पुन्हा सुरू होण्याचा महिना लिहा, आणि दोघांनी सही करा. संगतीत जाहीर करण्याची गरज नाही. पास्टरने विचारलं तर सरळ सांगा, आमच्यावर कर्ज आहे आणि ते फेडणंही देवासमोरचं कर्तव्य आहे. कोणाचं काही देणं ठेवू नका, हे रोमकरांस पत्रात तेराव्या अध्यायात आहेच.

उधार काढून देऊ नका. हा माझा सगळ्यात पक्का सल्ला आहे. कार्डावरून दशमांश देणं म्हणजे बँकेचे पैसे देवाला अर्पण करणं. ते अर्पण तुमचं नाही.

सासूबाईंचे ५,००० दशमांशात धरायचे का, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते धरू नका, पण ते आधी काढा. आईबापांचा वाटा देवाला वाहिला म्हणून त्यांना देत नाही असं म्हणणाऱ्यांवर मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने किती कडक शब्द वापरले ते वाचा. घरच्यांची काळजी न घेणाऱ्याबद्दल तीमथ्याला लिहिलेलं वचनही तितकंच कडक आहे.

ढोबळ पगारावर द्यायचा की कापून आलेल्यावर, हा वाद तुमच्या घरी फारसा लागू नाही. मिस्टरांचा भारतातला मुक्काम आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या आत राहिला तर ते अनिवासी ठरतात, आणि परदेशी जहाजावरच्या पगाराला इथे कर लागत नाही. सीडीसीवरचे (खलाशाच्या नोंदवहीवरचे) शिक्के जपून ठेवा, पुढे तेच पुरावा असतात. तुमच्या पगारावरही कर नाही. त्यामुळे देणगीवरची आयकरातली वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०जी) तुमच्या कामाची नाही. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि एका विशिष्ट धर्मसमाजापुरत्या संस्थेला तर मुळातच लागू होत नाही. चर्चच्या थैलीत टाकलेल्या अर्पणावर कर वाचेल या आशेने कोणी राहू नये.

दोघांनी मिळून ठरवा असं म्हणतो त्यामागे नुसता सुसंवाद नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवराबायकोची संपत्ती सामाईक धरली जाते. मिस्टरांचे डॉलर आणि तुमचा शाळेचा पगार, दोन्हींवर दोघांचा हक्क. १९६१ च्या आयकर कायद्यातही कलम ५ए टाकून गोव्यातल्या अशा जोडप्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न निम्मं-निम्मं मोजायला सांगितलं होतं. उद्या फ्लॅट भाड्याने दिलात तर हे तुमच्या कामी येईल. जे कायद्याने दोघांचं आहे त्यातून अर्पणही दोघांच्या संमतीने जावं. मिस्टर जहाजावरून परस्पर पाठवतात आणि तुम्ही घरी कार्ड घासता, यात दोघांचीही भावना चांगली आहे, पण एकमेकांचा आकडा कोणालाच माहीत नाही. कॉन्ट्रॅक्टच्या आधी एक संध्याकाळ प्रार्थना करून वही उघडा.

याच कायद्यावरून सासूबाईंच्या घराचा प्रश्न सुटतो. सासरे वारले तेव्हा घरातला त्यांचा अर्धा हिस्सा मुलांकडे गेला. सासूबाईंच्या नावे राहिला त्यांचा स्वतःचा अर्धा. त्या अर्ध्यातला निम्मा भाग मुलांसाठी कायद्याने राखीव, तो मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. म्हणजे त्या स्वतःच्या मर्जीने फार तर घराचा चौथा हिस्सा कपेलाला ठेवू शकतात. संपूर्ण घर कपेलाला असं लिहून ठेवलं तर त्यांच्यामागे भावाभावांत आणि फिर्गजेशी (स्थानिक चर्चशी) वाद होईल, आणि ज्या देवासाठी दिलं त्याच्याच दारात घरचे भांडतील. सासऱ्यांच्या नंतर इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता मोजून वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया) झाली नसेल, तर आधी ती करून घ्या. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली ती होते. मग विशेष नोटरीसमोर सासूबाईंनी सार्वजनिक मृत्युपत्र करावं. घराचा चौथा हिस्सा कपेलाला सांभाळायलाही अवघड जाईल, म्हणून त्याच्या किमतीइतकी रक्कम मुलांनी कपेलाला द्यावी असं लिहिता येतं का, ते वकिलाला विचारा. त्यांची इच्छा मोडू नका. तिला कायद्यात बसवा.

दिराचे दोन लाख मात्र तुमच्या खात्यावर घेऊ नका. तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात धोक्याची वाटलेली गोष्ट ही आहे. तो आता परदेशी नागरिक आहे. त्याने भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा विदेशी देणगी ठरतो, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी फरक पडत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही. नातेवाइकाने नातेवाइकाच्या घरखर्चाला पाठवलेली रक्कम वेगळी. तुमचं खातं मध्ये ठेवून संगतीकडे पोचवलेली रक्कम वेगळी, त्यात तुम्ही आणि संगत दोघेही अडकाल. मिस्टरांचं तसं नाही. त्यांचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेलं अर्पण, कमाई डॉलरची असली तरी, विदेशी देणगी होत नाही. दिराला देण्याची ओढ असेल तर एफसीआरए नोंदणी असलेली संस्था शोधून त्याने तिथे थेट पाठवावं. आणि आईचा औषधाचा खर्च त्याने उचलला तर ते काय कमी दान आहे?

छपराच्या निमित्ताने एक विचारा. संगतीचं खातं संस्थेच्या नावे आहे की पास्टरच्या? पावती मिळते का? वर्षाचा हिशेब कोणी वाचून दाखवतो का? हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलाने दुसऱ्या विश्वासू माणसांना बरोबर घेतलं, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार नीट दिसावा म्हणून. ते दुसऱ्या करिंथच्या आठव्या अध्यायात आहे. क्यूआर कोड पास्टरच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर तिथे पैसे टाकण्याआधी एकदा बोलून घ्या.

मंडळीतला कोणी कर्जाला जामीन राहा म्हणाला तर तुमच्या स्थितीत सही करू नका. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. गोव्यात २०१२ ला खाणी थांबल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली-सांगे भागात ट्रकच्या कर्जांवर सह्या केलेल्या माणसांनी काय सोसलं ते तिथल्यांना विचारा. त्या भावाला दोन हजार देता येत असतील तर द्या, परत मागू नका.

विम्यासाठी ३,५०० म्हणालो. त्यात मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स सगळ्यात आधी, फ्लॅटचं कर्ज आणि मुलांची शिक्षणं भागतील इतका. जहाजाच्या कंपनीचं संरक्षण बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टपुरतंच असतं, घरी असलेल्या चार महिन्यांत नसतं. उरलेल्या रकमेत कुटुंबाचा आरोग्य विमा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलं नसेल तर काढा. गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांना ते मिळतं, तुमच्या चौघांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. हा सगळा खर्च देवावरच्या अविश्वासातून करायचा नसतो. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला प्रभूनेच सांगितलं.

मुलांना यात घ्या. मिझोराममध्ये १९१० पासून घराघरांतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. गरीब डोंगराळ प्रांतातल्या मंडळीने त्या मुठींवर मोठी कामं उभी केली. तुमच्या घरी दशमांश निम्मा असेल त्या वर्षी हे जरूर करा. शनिवारी मुलांनीच तांदूळ मोजावेत आणि वाड्यावरच्या एखाद्या एकट्या आजीकडे नेऊन द्यावेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं मंडळ तुमच्या फिर्गजेत असेल तर गरजू घर कुठलं ते त्यांना माहीत असतं.

सोनं सुटल्यावर १९,००० मोकळे होतील. त्यातले ५,२५० लगेच दशमांशात परत. बाकीच्यातून तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे १,७७,०००, लिक्विड फंडात किंवा रिकरिंगमध्ये साचवा. कॉन्ट्रॅक्ट पुढे ढकललं जातं, वैद्यकीय तपासणीत काही निघतं, आणि २०२० मध्ये क्रूझ जहाजंच थांबली होती, हे तुम्ही स्वतः बघितलंय. त्यानंतर एक आकडा ठरवा ज्याच्या वर घरखर्च जाणार नाही. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची गोष्ट सांगितली आहे, जो बहुधा तो स्वतःच. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा २८ त जगला आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, जगला २८ तच, दिले ३२. मग ९० मिळाले, पुढे १२०, तरी २८ तच. आपल्याला मुलंबाळं आहेत, महागाई आहे, २८ वर कोणी राहू शकत नाही. पण मिस्टरांना बढती मिळून ८०,००० चे ९५,००० झाले तर त्या पंधरा हजारांचं काय करायचं, हे बढतीच्या आधी ठरवता येतं. मी सांगेन, निम्मे फ्लॅटच्या मुद्दलात, निम्मे देण्यात. दहावा भाग तुमच्यासाठी तेव्हा शेवटची रेघ राहणार नाही.

आता क्रम. या आठवड्यात सोनं बँकेत आणि कार्ड बंद. मिस्टर जॉइन होण्याआधी वेगळं खातं, टर्म इन्शुरन्सची तपासणी आणि दोघांच्या सहीचा कागद. दिराला आजच फोन करून सांगा की पैसे पाठवू नको, कारणही सांगा, नाहीतर तो मनाला लावून घेईल. तो सुट्टीवर गावी येईल तेव्हा सासूबाई, दोघे भाऊ आणि विगार (चर्चचे मुख्य पाद्री) यांना एकत्र बसवा, आणि इन्व्हेंटरीचे कागद, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद आणि घराचा एक-चौदा (जमिनीचा उतारा) वकिलाकडे घेऊन जा.